बंदूक वीस पावलं लांब

बंदूक तिकडे ठेव, सीसल म्हणते,
वीस पावलं तरी.
लोखंड जवळ आलं की सुई बिचकते.
आणि अस्वल आलं तर?
तर धाव, म्हणते,
आणि पुन्हा खडकावर वाकते.

मी मासांती, इत्तोक्कोर्तूर्मीतचा शिकारी,
या उन्हाळ्यात हिचा नावाडी, आचारी, पाणक्या.
ड्रिलचं टोक गार राहावं म्हणून
हिमनदीचं पाणी डब्यानं ओततो,
आणि भोकातून लाल चिखल वाहत येतो
नुकत्या फाडलेल्या सीलसारखा.

बोटाएवढी कांडी सुटते.
सुटण्याआधी ती पितळी नळी बसवते, सावली मोजते,
कारण इथे होकायंत्राचा भरवसा नाही.
सूर्याचा आहे. जुलैत तो मावळायचं सोंगही करत नाही.
मग कांडीवर एक बाण, एक आकडा.
दिवसाला चाळीस बाण.

कॉफीसाठी बर्फ वितळवताना विचारलं,
दगडाला एवढं काय विचारतेस?
म्हणाली, हा गाळ बसत होता तेव्हा
त्यातल्या गंजाच्या कणांनी उत्तर धरली
आणि तशीच धरून ठेवली.
आज इथे सुई नाक खाली करून उभीच राहते.
यांच्यातली आडवी निजली आहे.
म्हणजे हा डोंगर विषुववृत्तापाशी जन्मला.
वाळवंट होतं, मासांती. आटणाऱ्या नद्या,
त्यांत पाय फुटू लागलेले मासे.

मासे ठीक, मी म्हटलं.
पण वाळवंट?

मग ती भट्टीचं सांगत बसली.
कांड्या घरी नेऊन तापवायच्या, पायरीपायरीनं.
शंभर अंश, दोनशे: अलीकडचं आधी पुसलं जातं,
काल-परवाचं, हिमयुगांचं.
सहाशेपर्यंत जे तग धरतं
ते पहिलं.

आणि मला आत्या आठवली.
सात वर्षांची होती, जहाजातून आणली तिला
अम्मासालिकहून, बिऱ्हाडांसकट, कुत्र्यांसकट,
कुणीतरी नकाशावर बोट ठेवलं म्हणून.
इथेच लग्न, इथेच सहा पोरं, दोन पुरलेली.
शेवटी नवऱ्याचं नाव गेलं, मग पोरांची,
माझं तर केव्हाच.
पण खाट कशीही फिरवा,
सकाळी तिचं डोकं दक्षिणेला.
नर्स वैतागायची.

सीसलला हे सांगितलं नाही.
तिनं वहीत उतरवलं असतं.

निघताना पेटी होडीत चढवली,
मी बंदूक आणायला गेलो.
ओल्या वाळूत अस्वलाचा माग, ताजा,
कडा अजून ढासळत होत्या,
आमच्या आणि बंदुकीच्या बरोबर मधून गेलेला.

हाक मारून दाखवला.
ती उकिडवी बसली, तळहात पंज्याच्या ठशात ठेवला,
मग सवयीनं सूर्याकडे डोळे बारीक करून
म्हणाली, ईशान्य.