रीडिंग

मे महिन्यात भुसावळला मी मीटरचे फोटो काढत फिरतो.
बारा वाजले की फोनच म्हणतो, मी तापलोय, थांब.
मला तसं म्हणायची सोय नाही.
डोक्याला ओला रुमाल, खिशात कांदा,
आणि लोखंडी फाटक कोपराने ढकलायची सवय.

अकरा वर्षांत एवढं कळलं:
रेल्वेच्या जुन्या लाइनीत, जिथे निंब
कौलांवर हात टेकून उभे आहेत,
तिथे युनिट चालतात, पळत नाहीत.
बायका दुपारी ओट्यावर डाळ निवडतात.
टाकीमागच्या नव्या कॉलनीत
टाइल्स, गच्ची आणि नुसतं आभाळ.
तिथे मीटरचा लाल दिवा
धापा टाकतो.
भिंती रात्री दोनपर्यंत
दिवसभराचं ऊन परत करत बसतात.

मधली गल्ली निंबाची होती.
नऊ निंब, दोन करंज, एक चिंच.
रस्ता रुंद व्हायच्या आधी कुणीतरी
पांढऱ्या रंगाने खोडांवर आकडे घातले.
मला बरं वाटलं. वाटलं, झाडांनाही
आता ग्राहक क्रमांक मिळाला.
ती वजाबाकी होती.

पुढच्या मे महिन्यात पाचपांडे सरांचा अर्ज:
मीटर जोरात पळतं, बदलून द्यावं.
काढलं, तपासणीला नेलं, परत आणलं.
एका युनिटानेही खोटं नव्हतं.
म्हटलं, सर, हे दारातल्या निंबाचं बिल.
इतकी वर्षं तो भरत होता,
तुम्हाला पावती दाखवली नाही, एवढंच.

सर बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
त्या अर्जावर माझीही सही आहे रे भो.
पानं पडायची गच्चीवर. पन्हाळ तुंबायची.

माझ्या फोनमध्ये शेरे ठरलेले आहेत:
कुलूप. कुत्रा. काच धुरकट. मीटर बंद.
बोट फिरवत राहिलो.
त्यात बसेना.

गल्लीच्या तोंडाशी हुरमतबाई तडवींची इस्त्रीची गाडी.
आधी चिंचेखाली होती, आता ताडपत्रीखाली,
कोळसा खालून आणि सूर्य वरून.
त्यांनी रंगाच्या डब्याचं बूड कापून
फरशीच्या फटीत रोवलंय, आत वीतभर निंब.
कपड्यांवर शिंपडायच्या पाण्यातलं
थोडं त्याच्यावर.

तुला हिशोब कळतो ना, त्यांनी विचारलं,
किती युनिट वाचवील हा?
औंदा शून्य, मी म्हटलं. उलट रोज
तांब्याभर पाणी तुमच्याकडूनच घेईल.
घेऊ दे, त्या म्हणाल्या, आणि इस्त्री कॉलरवर फिरवली.
लेकरू काय जन्मल्या दिवशी कमावतं?

फोन पुन्हा बंद पडला होता.
डब्याशेजारी सावली पडली होती,
फोनएवढीच.
तिथे ठेवला,
आणि बाईंच्या माठातलं पाणी पिऊन येईपर्यंत
तो सुरू झाला.