ओच्या पोटातलं

शारजात, इंडस्ट्रियल एरिया दहामध्ये
राउटर दिवसभर ॲक्रिलिक चावतो.
गिऱ्हाईक म्हणतं, जाड पाहिजे, गोल पाहिजे,
कोपरा नको कुठे.
लाँड्री असो, दातांचा दवाखाना, बाळांचे कपडे,
सगळ्यांना हल्ली हाच टाइप हवा :
कंपासनं काढल्यासारखा ओ,
गुटगुटीत, कुणाला न बोचणारा,
शंभराच्या वेगात हायवेवरूनही वाचता येणारा.

मुनाफ हमदुळे ओ कापतो
आणि पोटातली चकती खाली पडते, टप्.
त्या चकत्यांवर आम्ही सुलेमानीचे ग्लास ठेवतो.

व्हिसावर त्याच्या आडनावात ळ नाही.
तिथे एल उभा, काठीसारखा.

काल ओव्हरटाइम संपल्यावर
त्यानं वाया गेलेले दोन ओ घेतले,
एकेकाची कड कापली,
शेजारी शेजारी चिकटवले,
वर आडवा आय.
मागे एलईडीची पट्टी, तीही उरलेलीच.

फोरमन विचारतो, हे कुणाच्या बोर्डाचं?
‘दाभोळचं,’ मुनाफ म्हणतो, ‘शेवटचं अक्षर.’
आणि प्लग लावतो.

लाल.
उजवं पोट जरा मिणमिणतं.
तिथली पट्टी जुनी आहे.