चीक

सावद्याच्या सरकारी दवाखान्यात
पंखा गरम हवाच ढवळतो.
बाहेर पंचेचाळीस.
सकाळी दोन गाड्या भरून तसाच आलोय,
शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग.

पावरा सिस्टर म्हणाल्या,
चीक आलाय, वाया घालवू नका.
मी शर्टाकडे पाहिलं.
त्या हसल्या नाहीत.
बोटावर पिवळा थेंब घेऊन दाखवला,
घट्ट, हिवाळ्यातल्या तेलासारखा.

आत्याने मधाची बाटली आणलेली, फडक्यात गुंडाळून.
सिस्टरांनी ती खिडकीत ठेवली.
मग पाणी तरी? एवढ्या उन्हात? चमचाभर?
चमचाभरही नाही.
बोराएवढं पोट आहे तिचं,
तहान, भूक, सगळं यातच.

पहिल्या रात्री लेक नुसतं नाक घासायची,
लालबुंद होऊन ओरडायची,
आणि चेतना माझ्याकडे अशी पाहायची
जणू मला येतंय आणि मी सांगत नाही.

मला काय येतं?
घड खांद्यावरून उतरवायचा,
एकाही फणीला धक्का न लागता
पानांवर टेकवायचा.
मग तेच करा, सिस्टर म्हणाल्या.
मानेखाली हात. डोकं ढकलायचं नाही.
पोटाला पोट.
जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं.

थांबलो.
मुकादमाचा फोन वाजला,
कुठे राह्यला भो, गाडी उभी हाये.
वाजू दिला.

चेतनाच्या पायाची बोटं आवळली.
दुखतंय?
तू बोलू नको.

आणि लेकीचे कान हलले.
पिताना कान हलतात
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

गाडीच्या वहीत, जिथे घडांची रास लिहितो,
तिथे लिहिलं:
डावी, सव्वादोन. उजवी, चार वाजता.
लंगोट दोन.
शेठ वाचेल तर विचारेल, हा कुठल्या बाजारचा भाव?

चौथ्या पहाटे जागा झालो
तर चेतना बसून रडत होती.
ब्लाउज ओला, चादर ओली, लेकीचा गाल ओला.
काय झालं?
काही नाही, म्हणाली. आलं.

दुपारी एकाच बादलीत
माझा शर्ट, तिचा पहिल्या दिवसाचा ब्लाउज.
घासत होतो.
आत्या ओसरीवरून म्हणाली,
चिकाचा डाग आहे रे भाऊ, साबण नको घालू वाया.
कुठला, ते तिने सांगितलं नाही.
मी दोन्ही तसेच पिळले
आणि वाळत घातले.