तिसऱ्या नोंदीत चंद्र नाही

आईला तीन नावं होती.
बापानं ठेवलेलं वोल-सुन: त्यात चंद्र.
एसुतोरूच्या कागद गिरणीत, हजेरीपटावर, त्सुकिको:
त्यातही चंद्रच, फक्त उच्चार सक्तीचा.
तिसरं पुढे येईल.

बेटाची तर किती, कोण मोजणार.
ऐनूंचं एक होतं, मला नीट म्हणता येत नाही.
मग दोन राजांनी ते सामायिक ठेवलं,
एका चुलीवर दोन सुना ठेवाव्यात तसं.
वीसेक वर्षांनी एकानं दुसरी बेटं घेऊन हे सोडलं.
पुढे लढाई झाली, आणि भाकरी मोडावी तसं मधोमध मोडलं:
पन्नासाव्या अक्षांशावर जंगल कापत नेलं, दगड रोवले,
एका अंगाला गरुड, दुसऱ्या अंगाला शेवंती.
हरणं दोन्हीकडून पाठ खाजवून घेत.

दक्षिणेच्या अर्ध्यात कोळसा होता,
म्हणून माझे वडील होते.
ग्योंगसांगच्या भातशेतातून धरून आणलेले.
चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात कोळशाला जहाजं पुरेनात,
तेव्हा कोळसा राहिला आणि माणसं हलवली, क्यूशूच्या खाणीत.
मी सहा महिन्यांची. त्यांनी माझा अंगठा तोंडात धरला,
असं आई सांगायची. एवढंच सांगायची.

पुढच्या ऑगस्टात रशियन आले.
आई मला पाठीला बांधून ओतोमारीपर्यंत गेली,
काही चालत, काही मालडब्यात.
टेकडीवर माणसंच माणसं, समुद्राकडे तोंड करून.
जहाज आलं. यादी आली.
कालपर्यंत फटके मारून जपानी केलेली बाई
शिडीपाशी परत कोरियन ठरली.
दुसरं जहाज आलं. तिसरं.
दोन हिवाळ्यांनी ती टेकडी उतरली
तोवर खालच्या गावाचं नाव कोर्साकोव झालं होतं.

मासळीच्या कारखान्यात कारकुनाला दोन्ही नावं जमेनात.
त्यानं लिहिलं: ल्युबा.
चंद्र गळला. तिनं हूं केलं नाही;
मागे रांग होती, आणि पाव नावावर मिळायचा.

आता माझ्यापुढे एक अर्ज आहे.
पंचेचाळीसच्या पंधरा ऑगस्टआधी जन्मलेल्यांना
आन्सान शहरात घर मिळतं. खोली, स्वयंपाकघर, गरम फरशी.
मी बसते त्यात. इन्ना, माझी मुलगी, बसत नाही.
ती युझ्नोच्या बाजारात नेच्याची वाळवण विकते,
सासू रशियन, नवरा दारू सोडलेला, पोरगा हॉकी खेळतो.
जन्मगाव लिहिलं. शेजारी रकाना: देश.
पेन तीनदा टेकवलं.
इन्ना म्हणाली, आई, शाई पसरतेय.

आईच्या थडग्यावर मी नाव घातलं नाही.
पाथरवट अक्षरागणिक पैसे घेतो, तीन लिपी कुणाला परवडणार.
म्हटलं, चंद्रकोर काढ फक्त.
तो बाकूकडचा, रुस्तम. हात थांबवून माझ्याकडे बघत राहिला,
मग उजवा हात छातीवर ठेवला,
आमची माणसं का तुम्ही, म्हणाला,
आणि निम्मेच पैसे घेतले.

मी नाही म्हटलं नाही.
कोर छान निघाली आहे. जरा डावीकडे कललेली.