रीडिंग

बों रेतीरो म्हणजे बरा विसावा.
हे नाव ज्यानं ठेवलं
त्यानं इथं शिलाईकाम केलेलं नसावं.

मी अडतीस वर्षं मीटर वाचले.
जिन्याखाली वाकायचं, बॅटरी मारायची,
काचेमागची चकती बघायची.
माणसांची तोंडं नंतर.

दोनशे चौदा नंबरात तेव्हा दोना फ्रूमा झिल्बरक्वीत.
खाली कोटांचं दुकान, वर बिऱ्हाड.
एकदा शनिवारी गेलो.
मशिनं गप्प, पण चकती सरकत होती,
भिंतीवरून मुंगी जावी तशी.
आदल्या संध्याकाळी लावलेला एक दिवा
कुणी मालवत नव्हतं.
त्यांनी पाणी दिलं, सही दिली नाही.
म्हणाल्या, उद्या.

मुलगा डॉक्टर झाला, टेकडीवर राहायला गेला, आईला घेऊन.
शेवटच्या महिन्याचं रीडिंग : चार युनिट.

मग ओक मालसुन, नवरा, आणि सात वर्षांची मिरान.
दोन फ्रीज. एक नुसता आंबवलेल्या कोबीचा.
बिल एवढं का, मी सांगायचो,
मिरान मधे उभी राहून बापाला सांगायची,
आणि माझी चार वाक्यं
तिच्या तोंडून दोनच व्हायची.
मी काय बोलणार.
मालसुननं एक दिवस चौकटीकडे बोट दाखवलं :
उजव्या हाताला, तिरकी, बोटाएवढी डबी,
तैलरंगाचे थर चढलेली.
ही वीज कंपनीची का?
मी म्हणालो, हो.
हात लावू नका.

नंतर वरचा मजला त्यांनी भाड्यानं दिला.
कासिमिरा चोकेवांका, बोलिव्हियाची.
खिडक्यांना घोंगड्या, रेडिओ मोठ्यानं,
आणि चकतीवरची काळी खूण
दिसायच्या आत परत येणारी.
सतरा मशिनं. ब्लाउजच्या कातरणात झोपलेलं एक पोर.
"तुम्ही सरकारचे?"
मी विजेचा, बाई.
त्या महिन्याचा आकडा मी नीट वाचला नाही.
साहेबांना सांगितलं, डोळे अधू झालेत.

मला कुणी विचारलं नाही, तू कुठला.
मी सेआराचा. दुष्काळात बापानं
ट्रकच्या फळीवर बसवून आणलं, अकरा दिवस.
पण देशातल्या देशात आलेला माणूस
आला असं कुणी धरत नाही.

आता मीटर स्वतःच स्वतःला वाचतात.
परवा उगाच त्या बाजूला गेलो.
दोनशे चौदात कॉफीचं दुकान,
गल्ल्यावर मिरान, केस पांढरे,
काउंटरमागे कासिमिराचा पोरगा दूध फेसाळतोय.
सवयीनं जिन्याखाली वाकलो.
तिथं एक हिरवा ठिपका लुकलुकत होता, बस.

निघताना ती म्हणाली,
"कंपनीची डबी आहे हं अजून.
रंगाऱ्यांना हात लावू देत नाही मी."

तिला ठाऊक आहे की नाही
ते तिच्या तोंडावरून
मला वाचता आलं नाही.