दीडशे ते सहाशे

भाड्याची लेन्स, नागपूरहून आणलेली.
दोन किलो वजन,
उद्या संध्याकाळी सहाच्या आत परत.
बोडीच्या पाळीवर, मोहाच्या बुंध्याला टेकून
मी आणि सुकराम वलथरे,
सकाळपासून कुजबुजतही नाही.

समोर धान कापलेल्या बांधीत सारसांची जोडी.
दीडशेवर नुसत्या दोन करड्या रेघा.
सहाशेवर चोचीला लागलेला चिखल,
मानेचं लाल,
आणि माझ्याकडे न बघणारा केशरी डोळा.

श्वास अर्धा सोडून धरला.
पण दहा वाजले की हवा उकळायला लागते,
पक्षी पाण्यातल्यासारखा थरथरतो,
त्याला लेन्स तरी काय करणार.

"मले पाहू द्या जरा."
सारस डावीकडे होते, लेन्स उजवीकडे वळली,
बोडी ओलांडून, पार गावाच्या टोकाला.
रिंग मी त्याला शिकवली नव्हती.
जाळ्यात काय लागलं ते चाचपावं
तशी फिरवली त्यानं.

"म्हैस घुसली कोनाच्या तरी लाखोरीत."
मग, "आमचीच हाय."
मग बराच वेळ काहीच नाही.

"अजून काय दिसतंय?"
"बायको. आंगनात.
एकटीच हासून राह्यली."

काढ की फोटो, म्हटलं.
"नाई. तिले मालूम नाई ना."

कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवून उठला,
म्हैस हाकलायला निघाला
पाळीपाळीनं, उगाच खाकरत,
घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

सारस उडाले.