अकरा मिनिटं

सिल्व्हर मॉलमध्ये गुरनानींनी
काचेच्या काउंटरवर दोन खोकी ठेवली.
दोन्हींत सोळा कोअर. दोन्ही चिप
बिस्किटाएवढ्या, आणि माझ्या स्कूटरहून महाग.

फरक काय?
टोपण लावलेल्या पेनानं खोक्यावर टकटक करत म्हणाले,
हा पाच पॉइंट सातपर्यंत पळतो, एकशे सत्तर वॉट खातो.
तो जरा सावकाश, एकशे वीस.
पण त्याची कॅश मोठी,
म्हणून साडेचार हजार जास्त.
म्हटलं, कॅश तर माझीच जाणार.
ते हसले नाहीत. हा विनोद
दिवसातून चारदा ऐकत असावेत.

मी घरं करते. बांधत नाही, करते.
बायपासपलीकडे, जिथे अजून सोयाबीन उभं आहे,
तिथे हवेत चौदाव्या मजल्यावर एक दिवाणखाना,
त्यात सकाळचं ऊन,
उन्हात सोफा, सोफ्यावर कुणीच न वाचलेलं पुस्तक.
ते ऊन किरण किरण मोजावं लागतं.
भिंतीवरून फरशीवर, फरशीवरून छताला,
तिथून कुठल्याशा फुलदाणीच्या पोटात.
माझं जुनं मशीन त्याला नऊ तास लावतं
आणि पहाटे कधी कधी मान टाकतं.

पंधरा दिवस तक्ते पाहिले.
बडोद्याहून भाचा सौमित्र म्हणाला,
मावशी, पाच-सहा टक्क्यांसाठी कुणी झोप घालवतं का?
पाच-सहा टक्के म्हणजे एका रात्रीची अकरा मिनिटं.
महिन्याच्या वीस रात्री धरल्या
तर वर्षाचे चव्वेचाळीस तास!
मी वहीत आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.
मग लक्षात आलं,
त्या तासांत मी झोपलेली असते.

गेल्या चैत्रात खंडेलवालबाईंनी
स्वयंपाकघराच्या फरशीसाठी दोन पांढरे पाठवले होते.
एक हस्तिदंती, एक सायीचा.
दोन्ही करून दाखवा, म्हणाल्या. दाखवले.
हस्तिदंती जरा उदास नाही वाटत?
फोन कानाशी धरून मी
निदान सात वेळा डोळे फिरवले असतील.
आता मीच काउंटरवर वाकून
दोन करड्या खोक्यांच्या तोंडावर
काही भाव दिसतोय का बघत होते.
मागे एक मुलगा माउस घ्यायला थांबलेला. भिया, जल्दी करो ना.

माझी खोली पश्चिमेची. सुदामा नगरात, गच्चीच्या खाली.
मेमध्ये संध्याकाळी भिंतीला हात लावला
तर भिंतच आधी हात काढून घेईल.
आणि हा पहिला म्हणे
पंचाण्णव अंशांवर खुशाल काम करतो.
चहाचं पाणी उकळायला फक्त पाच कमी.
वर कूलरमध्ये बादल्या ओतायच्या त्या मीच.

थंड कोणता? विचारलं.
गुरनानी प्रथमच हसले.
ये पहले पूछना था ना, मॅडम.

म्हणजे मी जास्त पैसे मोजून
हळू चालणारा घेतला.
दुकानातल्या भूपेशनं कोपऱ्यातला बारका त्रिकोण
त्रिकोणाला जुळवला, वर मटारएवढी पेस्ट ठेवली,
पट्टी दाबताना जो करकर आवाज आला
त्याला मीच श्वास रोखला, तो गाणं गुणगुणत होता.
दुसरं खोकं परत फळीवर गेलं.
दोन मिनिटांनी फळीवरून मला ते ओळखताही आलं नसतं.

त्या रात्री एक वाजता काम लावलं आणि झोपलेच नाही.
ऊन चौकोन चौकोन करत येत गेलं,
आधी गालिचा, मग खुर्चीचा एक पाय.
चार वीस.
तो दुसरा असता तर आत्ता थांबला असता.
ह्याचा अजून खिडकीचा कोपरा राहिला होता,
पडद्याची झालर, पुस्तकाची कड.
पंखा बेतानं घुमत होता, तापलेला नव्हता.
मी खुर्ची मागे ढकलली.
दिवसभर ऊन प्यायलेली माझी खरी भिंत
आत्ता कुठे निवली होती.
पाठ टेकली तिला.
अकरा मिनिटं.